सॅमसनला विचारलं असतं तर

सॅमसन चेऊलकर मला आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको, की हयीम गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड बोलतो. तो होता तेव्हा मी त्याच्यावर जळायचो. आता तो नाही, म्हणून थोडा कमी जळतो, इतकंच.

आम्ही दोघं मुंबईहून आलेले मराठी यहुदी, वाळवंटातल्या डिमोना गावच्या कापडाच्या फॅक्टरीत. तो रंगखात्यात, मी तयार मालाच्या गाठी बांधायला. माझं शिक्षण चौथी. चौथीत मी तीन वर्षं काढली, तेव्हा मास्तर म्हणाले, ह्याची सहावी धरा आणि घरी न्या. सॅमसन काही माझ्याहून फार शिकला नव्हता. पण मुंबईला असताना तो कोकणच्या बोटीवर स्टुअर्ड होता. पंधरा वर्षं त्याने बोटीत लोकांना चहा दिला आणि घरातून बाहेर पडलं की माणूस कसा वेड्यासारखा वागतो ते बघून ठेवलं. मी पण पंधरा वर्षं गाठी बघितल्या. पण गाठीकडून माणूस शिकणार काय.

रंगखात्यातला असून त्याच्या नखाला कधी रंग नसायचा. माझं काम कोरडं, तरी माझ्या सदऱ्यावर निळे डाग. बायको विचारायची, तुम्ही नक्की काम करता की रंगात लोळता?

लग्न त्याने केलं नव्हतं. सुक्कोथचा सण झाला, गर्दी ओसरली, की दर वर्षी हा हायफाहून बोट धरून कुठल्या तरी बेटावर जायचा. कधी सायप्रस, कधी ऱ्होड्स. तीन रात्री राहून परत. आणि महिन्यातून एकदा तरी शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा सुट्टीचा वार, सुटला की पांढरे बूट घालून बसच्या तखानावर, म्हणजे स्टँडवर, उभा, तेल अवीवला जायला. शब्बाथ सुटला की नाही हे बघायला आम्ही आभाळात तीन तारे शोधतो. माझी बायको सिम्हा गॅलरीतून म्हणायची, "तारे कशाला शोधता? सॅमसनभाऊ निघाले." म्हणजे आभाळाचं कामसुद्धा त्यालाच दिलेलं. रविवारी सकाळी सहाला तो दाढी करून कामावर हजर. मी रात्रभर झोपून दहा मिनिटं उशिरा.

दहाच्या चहाला तो एका पालथ्या पिंपावर बसायचा आणि लोक त्याच्याभोवती जमायचे. आमचे मराठी, मोरोक्कोवाले, रुमानियावाले, सगळे. कोणाच्या पोरीचं लग्न व्हायचं असेल, कोणाला बायकोला घेऊन दोन दिवस जायचं असेल, तर म्हणायचे, सॅमसनला विचार. त्याचं हिब्रू माझ्यासारखंच मोडकं. पण त्याचं मोडकं हिब्रू लोक कान देऊन ऐकत. माझं मोडकं हिब्रू ऐकून माझीच लेक खोलीतून बाहेर जायची.

तो सांगायचा, बेटावर तीन रात्री पुरे. चौथ्या दिवशी माणूस तिथल्या कांद्याचा भाव विचारायला लागतो, मग ते बेट राहत नाही, डिमोना होतं. पहिल्या दिवशी काही बघायचं नाही, नुसतं बसायचं. घाईने बघणारा माणूस सगळीकडे स्वतःची सुटकेसच बघतो. हॉटेलात खोली बघितल्याशिवाय सामान वर न्यायचं नाही, सामान वर गेलं की माणूस अडकला. बोटीवर खुर्ची धरायच्या आधी झेंडा बघायचा. झेंडा ज्या बाजूला उडतो, धूरही त्याच बाजूला जाणार. जेवायला मासा, आणि तो सबंध समोर आणायला सांगायचा, म्हणजे खवले बघता येतात, बिनखवल्याचा मासा आम्हाला वर्ज्य, आणि देवाला जाब द्यायला नको.

शहरातल्या रात्रीचं त्याचं शास्त्र वेगळं. नाचाच्या जागी लवकर जायचं नाही, लवकर गेलं तर बँडवाले डबा खाताना दिसतात आणि मग त्यांच्या गाण्यात मजा राहत नाही. आत शिरताना दरवानाचं नाव विचारून ठेवायचं. पुढच्या खेपेला नावाने हाक मारली की दार आपलं. आणि अजून थोडं थांबावंसं वाटतं ना, तेव्हाच उठायचं. 'आता पुरे' असं वाटेपर्यंत बसला तो दुसऱ्या दिवशी गाण्याला शिव्या देतो.

मी लांबून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, ह्यात काय आहे? हे मी पण सांगेन. आणि एकदा सांगितलंच. आमचा मुकादम अमराम, मोरोक्कोचा. त्याला लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला तेल अवीवजवळ याफोला न्यायचं होतं. सॅमसन त्या दिवशी रजेवर. मी पिंपावर जाऊन बसलो आणि बसमधून एकदा दिसलेल्या एका जागेचं नाव ठोकून दिलं. म्हटलं, बाहेर निळा दिवा आहे, आत फार गर्दी असते, वाफ बाहेर येते बघ. अमराम बायकोला मोत्याची माळ घालून घेऊन गेला. ती लाँड्री होती. पुढचा महिनाभर त्याने मला ट्रक भरायला लावलं.

ट्रक भरताना मी कोणाला शिव्या दिल्या असतील? अमरामला नाही. सॅमसनला. तो रजेवर का गेला?

घरी तर त्याचंच राज्य. सिम्हाला वीस वर्षांच्या संसारात मी बेर-शेवाच्या बाजारापलीकडे फारसं नेलं नव्हतं. तिचं मागणं एकच होतं. एकदा बेट बघायचं. चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागी बसायचं आणि चहा कोणी दुसऱ्याने आणून द्यायचा. डिमोनाला चहूबाजूंनी वाळू, आणि चहा तिनेच करायचा. मी दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. ती म्हणायची, "सॅमसनभाऊंना विचारा ना, ते सगळं सांगतील." लेक पण हिब्रूत तेच म्हणायची. मराठी तिला फक्त जेवायला बसताना यायचं. शेवटी एका संध्याकाळी मी ताट सारून म्हटलं, ह्या वर्षी ऱ्होड्स, आणि सॅमसनला एक अक्षर विचारायचं नाही. मी काय बोट बघितली नाही?

ती म्हणाली, "आपण मुंबईहून विमानाने आलो."

तिकिटं काढली. मग मी काय केलं, सगळ्या फॅक्टरीला सांगितलं. जे ऐकत नव्हते त्यांना दोनदा सांगितलं. सॅमसन पिंपावरून म्हणाला, "छान जागा आहे रे. बोटीला तीन तास आधी जा, आणि वाटेत कुठे थांबू नको." मी म्हटलं, बघतो. म्हणजे ठरवलं की थांबायचं.

आता कुठे थांबायचं? हायफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहू हनाबीची, आमच्या प्रेषिताची, गुहा आहे. आपले लोक कुठल्याही शुभ कामाला एलियाहू हनाबीला स्मरून मलिदा करतात, पोहे, खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, वर प्रार्थना. सॅमसन प्रत्येक खेपेला गुहेत फक्त एक मेणबत्ती लावून बंदरावर जायचा, हे मला माहीत होतं. मग मी मेणबत्तीवर कसा थांबणार? मी अख्खा मलिदा करणार. डिमोनाहून मी दोन किलो पोहे आणि सहा नारळ नेले. सुटकेसमध्ये सिम्हाच्या नव्या साडीला जागा नव्हती, ती तिने पिशवीत घेतली.

बोट तीनला. गुहेत पोचलो साडेदहाला. नारळ फोडले, खवणी घरी राहिली म्हणून खोबरं सुरीने कापलं. प्रार्थनेला दहा पुरुष पाहिजेत. चार आपले मिळाले, कुणाच्या तरी नवसाला आलेले. मोरोक्कोवाले तीन, त्यांना समजावलं. इराणचा एक म्हातारा. मी धरून नऊ. दहावा मिळेना. सिम्हा म्हणाली, "अहो, एकटेच म्हणा ना आणि चला." मी म्हटलं, असं अर्धवट करून समुद्रावर जायचं नाही. खरं म्हणजे मला फॅक्टरीत सांगायचं होतं, की दहा माणसांत मलिदा केला. दहावा आला दीड वाजता, आणि तो आवाजाचा शौकीन निघाला. एकेक ओळ तीन चालींत म्हणाला.

मग वाटप. कोणी पाव चमचा घेतला तरी मी म्हणायचो, अजून घ्या. तिथून समुद्र समोर दिसतो. एक मोरोक्कन बाई हातात केळं घेऊन म्हणाली, बघा, किती सुंदर बोट चाललीय. पांढरीशुभ्र होती. सगळ्यांनी मान वर करून बघितली. मी पण कौतुकाने बघितली.

सिम्हा म्हणाली, "अहो, ती आपली का?"

मी म्हटलं, "छे. आपली मोठी असेल."

बंदरावर पोचलो तेव्हा कळलं, आपली तेवढीच होती.

सिम्हा रडली नाही, ओरडली नाही. सुटकेसवर बसली आणि मलिद्याचा रुमाल झटकून घडी घालत राहिली. घडी घातली, उलगडली, परत घातली. मी म्हटलं, चल, घरी जाऊ. ती म्हणाली, "घरी नाही. सगळ्या डिमोनाने आपल्याला निरोप दिलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने पोराकरवी फुलं पाठवली. मी कुठल्या तोंडाने जिना चढू?"

आम्ही परत यायचो ते पाच दिवसांनी. पाच दिवस कुठे जायचं हे मला ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं ठाऊक होतं, की कोणाला ठाऊक असेल. फोनच्या डबीत असिमोन, म्हणजे फोनचं नाणं, टाकलं आणि फॅक्टरीचा नंबर फिरवला. फॅक्टरीत कारकून रुमानियाचा, त्याला आम्ही सगळे हिंदी सारखेच. म्हटलं, सॅमसनचा मामेभाऊ बोलतोय.

सॅमसन आला. मी सांगितलं. मी वाट बघत होतो की आता हा हसणार. एकदा हसला असता तर आयुष्यभराचा राग धरायला बरं झालं असतं. तो म्हणाला, "वहिनी कुठे आहेत?"

"सुटकेसवर बसलीय."

"उन्हात?"

मी बघितलं. उन्हातच होती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आधी सावलीत बसव," म्हणाला. "पाणी दे. मग मी सांगतो ते ऐक."

त्याने तेल अवीवला समुद्राजवळचं एक साधं हॉटेल सांगितलं. समोरची खोली घेऊ नको, रस्त्याचा गोंगाट असतो. मागची घे, सगळ्यात वरची, गच्चीच्या दारातून समुद्र दिसतो. डिझेनगॉफ रस्त्यावर संध्याकाळी जाऊ नको, डिमोनाचं कोणी ना कोणी तिथे खरेदीला येतं. सकाळी जा. आणि दोघं उन्हात बसा, बेटावरून परत आलेला माणूस भाजलेला दिसायला पाहिजे. मी म्हटलं, सॅमसन, माझा रंग बघितलायस ना, भाजला काय, न भाजला काय. तेव्हा मात्र तो हसला, पण ते मी चालवून घेतलं, कारण विनोद माझा होता.

बुधवारी काम सुटल्यावर बस धरून तो स्वतः आला. इतक्या लांबून. म्हणाला, आता तुम्ही ग्रीसमध्ये आहात, तर ग्रीक गाणं ऐकलेलं बरं. आम्हाला याफोला एका लहानशा जागी नेलं. दरवानाला नावाने हाक मारली. आत एक जाडा माणूस डोळे मिटून ग्रीक गाणं म्हणत होता, लोक टेबलं सरकवून खांद्याला खांदा लावून रांगेत नाचत होते. सॅमसनने मला विचारलं, "हयीम, वहिनींना पावलं शिकवू का?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, तिला विचार. मला वाटलं ती नाही म्हणेल. माझी बायको लग्नात फोटोला उभी राहायला लाजली होती.

ती उठली. नवी साडी नेसलेली, पदर कमरेला खोचला. दोन पावलं उजवीकडे, एक मागे, मध्येच पाय उचलायचा. ती चुकायची आणि हसायची. असं हसणं मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी समजत होतो, तिला तसं हसायला येतच नाही. मी टेबलापाशी तिची पर्स, त्याचं जाकीट आणि दुसऱ्या कुणा बाईची छत्री सांभाळत बसलो. ती छत्री माझ्याकडे कोणी दिली ते मला अजून कळलं नाही. माझं तोंडच तसं असावं.

मग त्याने आम्हाला ऱ्होड्स सांगितलं. बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरणं, धक्क्यावर पवनचक्क्या, दगडी गल्ल्या. आणि म्हणाला, तिथे जुनी सिनेगॉग आहे. दुसऱ्या लढाईत जर्मनांनी तिथले आपले लोक नेले, ते परत आले नाहीत. आता प्रार्थनेला दहा माणसं जमत नाहीत. मी दर खेपेला तासभर जाऊन उभा राहतो. कोणी आलंच, तर एक माणूस तरी तयार असावा.

मी दोन किलो पोह्यांचा मलिदा केला होता, आणि तो फॅक्टरीत सांगायला. तो दर वर्षी जातो हे आम्हाला माहीत होतं. हे त्याने पिंपावर कधी सांगितलं नव्हतं.

परत आलो. दहाच्या चहाला सगळ्यांनी घेरलं. मी हरणं सांगितली, गल्ल्या सांगितल्या. मग जोर चढला आणि सांगून बसलो, की पवनचक्कीत आमच्यासमोर कॉफी दळून दिली. एकजण म्हणाला, "सॅमसन, तू तर म्हणालास त्या बंद असतात." सॅमसनने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "मी गेलो त्याला वर्ष झालं. हयीम ताजा आहे, त्याला विचारा." आणि पिंपावरून उठून मला जागा दिली.

बघा आता. त्याने चुगली केली असती तर मी सुटलो असतो. तो गप्प बसला. वर्षानुवर्षं गप्प. पिंपावर अधूनमधून मी बसायचो, लोक माझं ऐकून घ्यायचे आणि मग नळापाशी गाठून सॅमसनला खरं विचारायचे. माझ्या बायकोला हसवायचं त्याला येतं, गप्प बसायचं पण त्यालाच येतं. मग मी जळायचं नाही तर काय करायचं?

पण ह्यात एक माणूस अडकलं होतं. सात वर्षं गेली. एका शनिवारी पाहुणे आले आणि कोणी तरी सिम्हाला म्हणालं, तुमचं ते बेट कसं होतं हो? ती चहा ठेवायला आत गेली. मी मागोमाग गेलो. गॅसवर काही नव्हतं. ती नुसती उभी होती. म्हणाली, "सात वर्षं कोणी विचारलं की मी इथे येऊन उभी राहते. तुम्ही तिकडे सांगत असता. जाऊन आलेल्या बाईला परत कोण नेणार?"

त्याच आठवड्यात सॅमसन रिटायर होणार होता. शेवटच्या दिवशी फॅक्टरीने त्याला एक घड्याळ दिलं, आणि चहाला अख्खं खातं पिंपाभोवती. जो तो शेवटचं विचारून घेत होता. मी मागे उभा. इतकी माणसं माझ्या लग्नाला पण नव्हती. मी गर्दीतून पुढे घुसलो. अमराम म्हणाला, "तुला काय विचारायचंय, तू तर जाऊन आलायस."

मी म्हटलं, "मी नाही गेलो. मलिदा करत बसलो आणि बोट गेली. सात वर्षं खोटं बोललो. ह्याला माहीत होतं." मग सॅमसनला म्हटलं, "सॅमसनभाऊ, मला सिम्हाला ऱ्होड्सला न्यायचंय. कसं जायचं ते सांग."

भाऊ मी त्याला पहिल्यांदाच म्हटलं. सगळे हसले, पोट धरधरून हसले, अमराम तर भिंतीला टेकला. पवनचक्कीतली कॉफी मला पुढे पेन्शनीपर्यंत पुरली. सॅमसन हसला नाही. पिंपावर सरकला, मला शेजारी बसवलं आणि म्हणाला, "मलिदा परत आल्यावर कर. एलियाहू हनाबी थांबतो, बोट थांबत नाही." आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, झेंड्यापासून.

तो रिटायर होऊन हायफाकडे बहिणीजवळ राहायला गेला. आम्ही निघालो तेव्हा बंदरावर आमच्या आधी हजर होता. तीन तास आधी. आम्हाला बाकावर बसवलं आणि जवळजवळ पहाराच दिला. मी तंबाखू आणायला उठलो तर म्हणाला, "बस खाली." त्यानंतर तो भेटला नाही. पुढच्या हिवाळ्यात बहिणीचं पत्र आलं.

बोट हलली तेव्हा आम्ही वर कठड्याशी होतो. तो खाली धक्क्यावर, साखळीच्या पलीकडे, हात वर करून उभा. सिम्हा हात हलवत होती. नुसता हात नाही, ती सगळीच हलत होती, टाचा उचलून, आणि हसत होती, ते याफोचं हसणं. धक्का लहान झाला, माणसं टिंबाएवढी झाली, तरी ती सांगत होती, ते बघा, ते बघा, अजून उभे आहेत. मला काही दिसत नव्हतं. तरी मी पण हात हलवत राहिलो, आणि हलवता हलवता जरा सरकून तिच्या पुढे उभा राहिलो.